कोविडनंतर मैदानावर परतणाऱ्या मुली : या चुका टाळा

ताप उतरला म्हणजे आजार गेला, असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आठशे मीटर धावणारी अठरा वर्षांची मुलगी घ्या. चौथ्या दिवशी ताप जातो, सहाव्या दिवशी पॅरासिटामॉल घेऊन ती ट्रॅकवर येते, आठव्या दिवशी २०० मीटरचे आठ रिपीट (जोरात धावायच्या फेऱ्या) मारते. टायमिंग बरं येतं, सगळे खूश. दहाव्या दिवशी जिना चढताना धाप लागते, सकाळची नाडी ५४ वरून ७० वर गेलेली असते, आणि आठवडाभराच्या घाईपायी अख्खा सीझन हातचा जातो. विषाणूमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. त्यावर जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो.

२०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आजार सौम्य असला तरी लक्षणं सुरू झाल्यापासून निदान १० दिवस पूर्ण विश्रांती हवी, आणि त्यातले शेवटचे ७ दिवस औषधाविना बरे गेलेले हवेत. मग दोन दिवस १५ मिनिटं चालणं किंवा हलकं जॉगिंग, नाडी कमाल ठोक्यांच्या (२२० वजा वय) ७० टक्क्यांखाली. अठराव्या वर्षी म्हणजे साधारण १४०. पुढे एक दिवस ३० मिनिटं, एक दिवस ४५, दोन दिवस ६०, नाडी ८० टक्क्यांखाली. सतरा दिवसांच्या आत स्पर्धा नाहीच. अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. स्मार्टवॉचच्या आकड्यावर विसंबू नका. नेहमीपेक्षा १० ठोके जास्त भरले, तर त्या दिवशी एक पायरी मागे. छातीत दुखलं, धडधडलं, भोवळ आली तर सराव तिथेच बंद. आधी डॉक्टर, ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी).

एप्रिल २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिक तोंडावर असताना, कर्णधार राणी रामपालसह भारतीय महिला हॉकी संघातल्या सात जणी बंगळुरूत कोविडबाधित निघाल्या. त्यांना विलगीकरणात थांबावं लागलं. ऑगस्टमध्ये ऑलिंपिकमध्ये याच संघाने ऑस्ट्रेलियाला १-० हरवून उपांत्य फेरी गाठली. जिल्हा स्पर्धेसाठी दिवस वाचवू पाहणाऱ्या प्रशिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी चूक याहून छुपी. घरी बसून वजन वाढलं म्हणून भाकरी-भात बंद, आणि सराव मात्र दुप्पट. मग पाळी थांबते आणि “बरंच झालं, कटकट गेली” असं मुलगीच म्हणते. हे ऐकून गप्प बसू नका. अन्न कमी पडलं की शरीर आधी पाळीवरचा खर्च कापतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, हाडं ठिसूळ होतात. नडगीवर एकाच जागी बोट दाबलं की कळ येते, तो स्ट्रेस फ्रॅक्चर (अतिताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) असू शकतो. हिशोब सोपा आहे: ५० किलोच्या मुलीत चरबी सोडून ४० किलो वजन धरा. त्याला किलोमागे ४५ प्रमाणे १८०० कॅलरी, वर सरावात जळणाऱ्या ५०० वेगळ्या. भाकरी बंद करून हे २३०० भरत नाहीत. पाळीची तारीख वहीत नाडीशेजारीच लिहा. तीन महिने चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी आणायची गोळी परस्पर घेऊ नका.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) आजारपणात तपासू नका. संसर्गात ते वाढतं आणि लोह कमी असूनही रिपोर्ट चांगला दिसतो. पूर्ण बरं झाल्यावर, सीआरपीसोबत (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या.

वजन बदललं असेल तर स्पोर्ट्स ब्रा नव्या मापाची घ्या.

कोविडच्या लशीनंतर एखादी पाळी थोडी पुढे गेली तर घाबरू नका, पण तीही वहीत नोंदवा.