आंब्याचे पैसे पतपेढीत ठेवण्याआधी

मे महिना सरत आला की देवगड-राजापूर पट्ट्यात बागायतदाराच्या हाती वर्षाची कमाई येते आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दावर मुदत ठेवीत जाते. त्याआधी पाटीवरचं पूर्ण नाव वाचा. ‘सहकारी पतसंस्था मर्यादित’ लिहिलेलं असेल, तर ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक नाही आणि तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा महामंडळाचा, विमा नाही. गावात दोन्हींना ‘बँक’च म्हणतात आणि घात तिथेच होतो.

विमा असलेल्या बँकेतही मर्यादा ५ लाखांची, आणि ती व्याज धरून. एकाच बँकेच्या कणकवली आणि मालवण शाखेत पैसे विभागले तरी बेरीज एकच धरतात. वेगळी बँकच हवी. ७ टक्के दराने वर्षभर ठेवायचे असतील तर ४ लाख ६० हजार ठेवा. व्याजासह ते ४ लाख ९३ हजारांच्या आसपास जातात, म्हणजे सगळे विम्यात बसतात. रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातल्यास ही रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. त्याआधी १ लाखाची मर्यादा मे १९९३ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तशीच होती. इतक्या वर्षांत सरकारं आली-गेली, महागाई कुठल्या कुठे गेली, पण ठेवीदाराची आठवण झाली ती २०१९ मध्ये निर्बंधांत अडकलेल्या पीएमसी या सहकारी बँकेचे खातेदार रस्त्यावर आल्यावर. ही राज्यकर्त्यांची चूकच, आणि पतसंस्थेचा ठेवीदार तर आजही या विम्याबाहेर आहे.

म्हणून पतसंस्थेत पैसे ठेवायचेच असतील तर शेअर्स घेऊन पूर्ण सभासद व्हा. नाममात्र सभासदाला मत नसतं. सहकार कायद्याच्या कलम ३२ नुसार सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी फुकट पाहता येतात. लेखी अर्ज करून फी भरली की प्रतही मिळते.

लागोपाठ तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा. आधी ठेवी आणि कर्जं पाहा: ४० कोटींच्या ठेवींवर ३६ कोटींची कर्जं वाटली असतील, तर गर्दी झाल्यावर द्यायला रोकड कुठून येणार? मग ‘येणे व्याज’, म्हणजे हिशेबात धरलेलं पण अजून हाती न आलेलं व्याज, या ओळीवर बोट ठेवा. नफा दिसतोय, पण ही रक्कम दरवर्षी फुगतेय, म्हणजे कर्जदार व्याज भरत नाहीत आणि नफा कागदावरच आहे. नुसत्या थकबाकीच्या आकड्यावर विसंबू नका. ३१ मार्चच्या तोंडावर जुनं कर्ज नव्या कर्जात फिरवून तो खाली आणता येतो. लेखापरीक्षकाने संस्थेला ऑडिट वर्ग ‘अ’ दिला असला तरी त्याचे शेरे वाचाच.

पिग्मीचं पुस्तक एजंटकडे ठेवू नका. जेटीवर रोज १०० रुपये देणाऱ्या मासेविक्रेतीने महिन्याच्या पावत्या स्वतः जोडून शाखेच्या खिडकीवर खातेउतारा मागावा. उताऱ्यात २६ दिवस आणि पावत्या ३० निघाल्या, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करायची. एजंट ‘उद्या भरतो’ म्हणाला तरी थांबू नका.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. बऱ्याच वर्षी गणपतीही त्याच सुमारास येतात, चाकरमानी घरी असतात, तेव्हा त्यांनाही सभेला न्या. कलम ७५ प्रमाणे संचालक आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचं आणि त्यांच्या थकबाकीचं विवरण सभेपुढे ठेवावंच लागतं. ते उभं राहून मागा. संचालक आपल्या पक्षाचा, आपल्या वाडीचा असला तरी मागा. गप्प बसलेल्या सभेत विषय ‘सर्वानुमते मंजूर’ होतात आणि पुढे बोलायला जागा उरत नाही. विचारलेला प्रश्न इतिवृत्तात आला का, तेही नंतर तपासा.

विवरण दिलंच नाही, तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज करा. सोबत ठेवपावतीची आणि सभेच्या नोटिशीची झेरॉक्स जोडा, पोच शिक्का-तारखेसह घ्या आणि एक प्रत जिल्हा उपनिबंधकांकडे द्या.