सड्यावरचे गवत परत आणताना: पावसाआधीची तयारी

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीतले चराऊ सडे, म्हणजे जांभ्या कातळाची पठारे, उघडी पडली की रोपे आणायची घाई होते. ती आधी थांबवा. कातळावरचा सडा मुळात गवताचा. तिथे दाटीने झाडे लावली तर सावलीत गवत मरते, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीखाली तर सुक्या पानांच्या जाड थरातून काडीही मोठ्या मुश्किलीने वर येते.

जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) असो वा खाजगी, परवानगी लेखी घ्या. उभे झाड तोडायचे असेल तर १९८४च्या गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याची मंजुरी लागते. ज्यांची गुरे तिथे चरतात, त्या घरांशी बोलणे मात्र कुठल्याही कागदापेक्षा मोलाचे. सगळा सडा एकदम बंद केला तर वई (कुंपण) रातोरात मोडते. एक तृतीयांश भाग दोन पावसाळे बंद आणि बाकीचा खुला, असे ठरले तर ते टिकते.

बियाणे आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच गोळा झालेले हवे, कारण मे महिन्यात सड्यावर काहीच मिळत नाही. जवळच्याच चांगल्या सड्यावरून घ्या, तेही एक तृतीयांशाहून जास्त नको. पातळ मातीवर वाढणारी डायमेरिया आणि इस्केमम जातीची गवते वेगळी ठेवा, खोल मातीतला मारवेल वेगळा. कुसळी गवत थोडेच घ्या. पिकलेल्या कुसळांनी गुरांच्या तोंडाला जखमा होतात. बी सावलीत सुकवून कापडी पिशवीत टांगा. प्लास्टिकात गोव्याची दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. ताज्या बियांपैकी पुष्कळशा काही महिने सुप्त असतात, त्यामुळे जूनपर्यंतचा हा मुक्काम त्यांना मानवतो.

उन्हाळ्यात पहार घेऊन दर दहा पावलांवर मातीची खोली मोजा आणि नकाशावर मांडा. १५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तिथे फक्त गवत. ३० च्या पुढे करवंद, चुन्ना, पिटकोळी अशी झुडपे. झाड लावायचेच तर कातळाच्या भेगेत, तेही एखादेच. अगदी उघडा कातळ आणि पावसात पाणी साचणारे उथळ खळगे यांना हात लावू नका. दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटक खाणाऱ्या इवल्या वनस्पती तिथेच उगवतात, खत किंवा भराव पडला की नाहीशी होतात.

रानमोडी हे तण डिसेंबर-जानेवारीत फुलते. म्हणून पावसाळा सरता सरता, माती मऊ असतानाच ती मुळासकट उपटा. बी धरल्यावर ओढत नेलीत तर वाटभर पेरत जाल. घाणेरी या दुसऱ्या तणाचे नुसते खोड छाटले तर ती दुप्पट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर तोडा आणि झुडूप मुळे वर करून तिथेच वाळत टाका. मोकळी झालेली जागा तशीच ठेवू नका, पुढच्याच पावसात तिथे बी पडायला हवे.

माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवे, गुडघ्याखाली राहतील असे दगडी बांध घाला. दगड जुन्या चिऱ्याच्या खाणीतले आणा. सड्यावर सुटे पडलेले उचलू नका, त्यांच्याखाली विंचू, बेडूक, पाली राहतात. रासायनिक खत अजिबात नको. गरीब मातीत देशी गवत तग धरते, नत्र मिळाले की तणे त्याला दाबून टाकतात.

पेरणीसाठी हजार चौरस मीटरला साधारण अर्धा किलो कुसळासकट बी मोजून ठेवा. ते तिप्पट-चौपट ओलसर मातीत मिसळा, म्हणजे वाऱ्याने उडत नाही, मुंग्यांच्याही लगेच हाती लागत नाही. पहिल्या एक-दोन सरींवर भुलू नका. उगवून आलेले कोंब मध्येच उघडीप पडली तर कातळाच्या उष्णतेने करपतात. जूनमध्ये पाऊस सलग लागला की पेरा. बी एक सेंटीमीटरपेक्षा खोल जाता कामा नये, काटेरी फांदी फिरवली तरी पुरते.

नोव्हेंबरात, गवत वाळायच्या आत, बंद भागाभोवती तीन मीटर पट्टा साफ करा, कारण वणवे फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. चाऱ्यासाठी विळा चालवायचा तो बी झडल्यावरच. पहिल्या वर्षी गवत कापून गोठ्यात न्या, गुरे आत सोडू नका: मुळांनी अजून पकड घेतलेली नसते आणि ओढीसरशी अख्खे ठोंब उपटून येते.