झाडाने मान टाकली की लगेच पाणी? या चुका टाळा

मे महिन्यात गॅलरीतल्या मोगऱ्याने मान टाकली. तहानला असेल म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं, तर पानं आणखीच लोंबली. शेवटी कुंडी उलटी केली. आत नुसता चिखल, मुळं काळपट तपकिरी, ओढली की वरची साल हातात यायची, आणि कुजका वास. भरपूर पाण्यात उभं राहून ते झाड तहानेने गेलं.

मुळांच्या टोकांजवळचे केसासारखे मूलरोम पाणी शोषतात आणि त्या कामाला मुळांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळं गुदमरतात, मग पाणी असून वर चढत नाही. शेतकरी वाफसा म्हणतात ना, ओल आहे आणि हवाही खेळते आहे, तीच स्थिती कुंडीतही हवी. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर तांब्या बाजूला ठेवा, कुंडीखालचं भोक तुंबलंय का ते बघा आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या.

दुसरी चूक म्हणजे दुपारी बघून घाबरणं. पाणी वर चढवायला झाडात पंप नसतो. पानांवरच्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीने जलवाहिन्यांतली पाण्याची अखंड धार वर सरकते. शाळेत तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवून देठात चढणाऱ्या लाल रेषा आपण पाहिल्या, तो हाच रस्ता. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त असंच हवेत जातं. कडक उन्हात ही वाफ मुळांच्या पुरवठ्याच्या पुढे धावते, म्हणून भोपळ्याची रुंद पानं दुपारी लुळी पडतात आणि ऊन कललं की आपोआप सावरतात. निर्णय सकाळी घ्या. सकाळीही पान लोंबलेलं असेल तरच काहीतरी बिघडलंय.

कुंडी बदलताना माती झटकून काढू नका. मूलरोम तुटतात, पानं मात्र तेवढीच वाफ सोडत राहतात. हे काम संध्याकाळी करा, थोडी पानं कमी करा आणि आठवडाभर झाड सावलीत ठेवा.

खत जास्त झालं तर? कोशिंबिरीत मीठ घातल्यावर काकडीला पाणी सुटतं, तसं मुळांचं होतं. पानांची टोकं करपली की खत थांबवा आणि भरपूर साधं पाणी घालून खालून वाहू द्या.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडला की कॅल्शियम कमी पडलं म्हणून लोक मातीत अंड्याची टरफलं टाकतात. ती फार सावकाश विरघळतात, आणि मातीत कॅल्शियम बहुधा असतंच. ते पाण्याच्या धारेबरोबरच चढतं. धार पानांकडे जास्त वळते, फळाकडे कमी, त्यात आपण दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओतली की फळ उपाशी राहतं. रोज बेताचं पाणी आणि वर पालापाचोळ्याचा थर, हा खरा इलाज.

जास्वंदीला काठीशी तारेने बांधलं असेल तर आजच बघा. पानांत तयार झालेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांतून मुळांकडे उतरते. तार सालीत रुतली की तिच्या वर खोड फुगतं आणि खाली मुळांची उपासमार होते. तार कापून टाका, सुती कापडाची पट्टी घ्या आणि मध्ये करंगळी जाईल इतकी सैल बांधा.