चर्चचं छप्पर उघडण्याआधी: जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च आणि वेळापत्रक

कोकणपट्टीतल्या बऱ्याच जुन्या चर्चची बांधणी सारखी असते: चुन्यात बांधलेल्या जाड दगडी भिंती, सागवानी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे) आणि वर मंगलोरी कौलं. दुरुस्तीचं बजेटही बहुतेक एकाच कारणाने कोलमडतं. काय करायचं हे कौलं उतरवल्यावर ठरतं. उघड्या छपराखाली उभं राहून घेतलेला निर्णय महाग पडतो, कारण तेव्हा घासाघीस करायला वेळ नसतो आणि ठेकेदाराला ते ठाऊक असतं. म्हणून निम्मं काम कागदावर, तेही आधीच्या पावसाळ्यात उरकायचं.

पाहणी भर पावसात करा

कोरड्या दिवसांत केलेली पाहणी अर्धवटच राहते. जून ते सप्टेंबरमध्ये इमारतीचा नकाशा हातात घेऊन गळतीची प्रत्येक जागा त्यावर खुणेने दाखवा आणि भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. कौलातून गळतंय, पन्हाळीतून की भिंत आणि छप्पर मिळतात त्या सांध्यातून, हे धो धो पावसातच कळतं. या तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कैच्यांमध्ये मधलं लाकूड सहसा धडधाकट असतं. कुजतं ते भिंतीत शिरलेलं टोक, कारण तिथे हवा लागत नाही आणि ओल दगडातून येते. प्रत्येक टोकाशी पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला तर तेवढा भाग गेला असं समजा. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि जुन्या कामाचा सुतार दोघांनाही एकत्र वर चढवा, आणि प्रत्येक कैचीला, वाशाला क्रमांक देऊन तीन याद्या करा: राहील, सांधायचं, बदलायचं. टोक कुजलं म्हणून अख्खी कैची बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून नवं सागवान सांधता येतं. ही यादी नसेल तर ठेकेदार सगळं लाकूड बदलायचा दर देतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. तो नुसता शिक्क्याचा कागद होऊ देऊ नका, याच पाहणीचा भाग करा.

मापं स्वतः काढा

समजा सभागृह बाहेरून ३० बाय १२ मीटर आहे आणि उतार ३० अंश. पागोळ्यांकडे दोन्ही बाजूंना ६०० मि.मी. आणि टोकांना अर्धा अर्धा मीटर वाढवा: ३१ × १३.२ = ४०९ चौ.मी. उतारामुळे याला १.१५५ ने गुणा, ४७३ चौ.मी. होतात. मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ धरली तर ७,१०० आणि १० टक्के तूटफूट मिळून ७,८००. आढ्याचे कोने (दोन उतार मिळतात तिथली टोपीसारखी कौलं) मीटरला ३, म्हणजे शंभरेक. रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, यांच्यातलं अंतर साधारण ३२० मि.मी., त्यामुळे रीप लागेल जवळपास १,४८० मीटर, घटीसह १,६०० धरा. मात्र अंतर पक्कं करण्याआधी प्रत्यक्ष येणारं कौल रिपांवर ठेवून पाहा. दोन भट्ट्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून नवी एकाच भट्टीची घ्या. जुनी उतरवताना बोटाने वाजवून निवडा: खणखणीत वाजली ती वापरायची, बद्द वाजली ती टाकायची. जुनी सगळी एका उतारावर आणि नवी दुसऱ्यावर लावली की जोडणीची कटकट संपते.

ही आकडेमोड आर्किटेक्ट करतोच. तरी समितीतल्या एकाला ती आली पाहिजे, नाहीतर बिल तपासणार कोण? विशेषतः एककांवर नजर ठेवा. ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो, अंदाजपत्रक चौरस मीटरमध्ये असतं आणि मिस्त्री ब्रासमध्ये बोलतो. चौरस मीटरचा दर चौरस फुटाच्या १०.७६ पट असतो. क्षेत्रफळाचा ब्रास म्हणजे १०० चौ.फूट, वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. वरचं छप्पर ५१ ब्रास भरतं.

गिलाव्याच्या मापात खिडक्यांची वजावट कशी, हे करारात लिहा. भारतीय मानकानुसार अर्ध्या चौ.मी.पर्यंतच्या उघडीची वजावट नाही, अर्धा ते तीन चौ.मी.ची एका बाजूने, त्याहून मोठ्या उघडीची दोन्ही बाजूंनी, पण तेव्हा कडांचं माप वेगळं धरतात. चर्चच्या खिडक्या मोठ्या असतात, त्यामुळे फरक बराच पडतो.

चाळीस लाखांचं काम साठ लाखांना का जातं

ठेकेदाराने ४० लाख सांगितले म्हणून ४० लाखांची वर्गणी काढणं ही नेहमीची चूक. त्यावर १८ टक्के जीएसटी ७.२ लाख. आर्किटेक्ट आणि इंजिनिअरची फी ८ टक्के धरली तर करासह सुमारे ३.८ लाख. तात्पुरता मंडप, मूर्ती आणि बाक हलवून ठेवणं, जास्तीचं वीजबिल, विमा मिळून दीड लाख. आणि अनपेक्षित कामांसाठी २० टक्के, ८ लाख. झाले ६०.५ लाख. नव्या बांधकामात १० टक्के राखीव पुरतात. जुन्या कौलारू इमारतीत २० पेक्षा कमी धरू नका. ही रक्कम फक्त समितीच्या लेखी ठरावाने उघडायची. एखाद्याला वेदीमागे ग्रॅनाइट हवंय म्हणून ती मोडली, तर एप्रिलमध्ये कुजकी तुळई निघाल्यावर हात रिकामे राहतात.

क्रम: आधी पाणी, रंग शेवटी

छप्पर, पन्हाळी आणि जमिनीवरच्या पाण्याचा निचरा, मग भिंती, मग वायरिंग, मग गिलावा, रंग आणि फरशी. देणगीदारांना उलटा क्रम आवडतो. बाकावर नाव येतं, पन्हाळीवर येत नाही. यावर उपाय म्हणजे छपराचेच वाटे पाडायचे: ५१ ब्रास, किंवा एकेक कैची, आणि प्रत्येकाची किंमत सूचना फलकावर लावायची.

ओलीचं कारण बहुतेक वेळा बाहेर सापडतं. अंगणात वर्षानुवर्षे भराव आणि पेव्हर ब्लॉक चढत जातात आणि जमीन जोत्याच्या वर येते. भिंतीलगतची माती जोत्याखाली किमान १५० मि.मी. उतरवा, उतार बाहेरच्या बाजूला द्या. एवढ्या स्वस्त कामाने अर्धी ओल जाते. मग भिंतीला एक हंगाम सुकू द्या.

दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग नको. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद झालं की ओल वर चढते, क्षार साचतात आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पोपडे धरून सुटतो. मुरवलेला चुना आणि वाळू १:३, गरजेनुसार सुरखी (विटांची पूड), तीन थरांत मिळून २० मि.मी.च्या आसपास, प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवून. दर सिमेंटपेक्षा जास्त वाटतो, पण तो पुन्हा पुन्हा द्यावा लागत नाही. दगड छान दिसतो म्हणून गिलावा काढून टाकण्याचा मोहही आवरा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बॅसिलिकेचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला आणि उघडा जांभा तेव्हापासून पाऊस खातोय.

कौलांऐवजी स्लॅब टाकू, असं कोणीतरी सुचवतंच. १०० मि.मी. जाडीच्या काँक्रीटचं वजन चौ.मी.ला २५० किलो, रिपांसह मंगलोरी कौलांचं ६५ किलोच्या आसपास. जुन्या भिंती आणि पाया तो भार पेलतील असं इंजिनिअर लेखी देत नसेल तर विषय तिथेच संपवा.

परांची एकदाच बांधा. नऊ-दहा मीटर उंचीवर परांचीचा खर्च वरच्या कामाइतका होऊ शकतो. म्हणून वरची वायरिंग, पंखे, दिव्यांचे हुक, स्पीकरच्या नळ्या, वरच्या खिडक्यांच्या काचा, घंटेचा मनोरा आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजवाहक हे सगळं त्याच खेपेला उरका, दिवे पुढच्या वर्षी घ्यायचे असले तरी.

परवानग्या आणि पैशाचे नियम

कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फायनान्स कौन्सिलचा ठराव आणि नेहमीच्या कारभारापलीकडच्या खर्चासाठी बिशपांची लेखी संमती हवी. जुन्या, मौल्यवान मूर्ती किंवा चित्रांना हात लावायला वेगळी लेखी परवानगी लागते. रंगाऱ्याकडून मूर्ती रंगवून घेऊ नका. मुंबईत इमारत वारसा यादीत असेल तर श्रेणीनुसार वारसा समितीचा मार्ग. वसई किल्ल्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत दुरुस्तीलाही परवानगी लागते आणि पुढच्या २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. या कागदांना महिने जातात, म्हणून अर्ज पावसाळ्यातच करा.

सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय कर्ज काढता येत नाही. एखाद्या श्रीमंत माणसाकडून 'हातउसने' घेतलेले दहा लाखही कर्जच. एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारू नका. परदेशातल्या नातलगांची देणगी वेगळी हाताळा: भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत देतो ती परदेशी देणगी नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, परदेशीच. त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतलं खातं हवं. वस्तुरूपात आलेली फरशी किंवा सिमेंट अंदाजपत्रकातल्या दराने हिशेबात लिहा, आणि आर्किटेक्टने मान्य केल्याशिवाय घेऊ नका. फुकटच्या फरशीची जाडी वेगळी निघाली तर सगळे दरवाजे तासावे लागतात.

वेळापत्रक

अडचण अशी की कोरडे महिने तेच, जे चर्चचे गजबजलेले महिने: लग्नं, नाताळ, पवित्र आठवडा. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये छपराला हात न लावता बाहेरचा निचरा करा, कौलं आणि लाकूड आणून ठेवा, खिडक्यांच्या चौकटी कारखान्यात बनवून घ्या. जानेवारीत, तीन राजांचा सण झाल्यावर, छप्पर उघडा. अख्खं एकदम उघडू नका, दोन-तीन कैच्यांचा टप्पा घ्या. तो बंद झाला की पुढचा. अवकाळी पावसासाठी ताडपत्री आणि ती बांधणारी माणसं दरपत्रकातच असू द्या. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या आठवड्यांत) लग्नं नसल्यासारखीच असतात, म्हणून आतलं धुळीचं काम त्याच आठवड्यांत. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो, तेव्हा त्या वर्षीची तारीख पाहूनच टप्पे आखा आणि लग्नांची नोंदणी वर्षभर आधी थांबवा. मे महिन्याच्या १५ तारखेला शेवटचं कौल बसलेलं हवं. मान्सून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, पण वळीव वाट पाहत नाही.

ठेका आणि बिलं

किमान तीन दरपत्रकं एकाच बाबवार यादीवर मागवा, नाहीतर तुलना होत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची शेजारी ठेवा. फारच कमी दर दिसला तर आनंदू नका. त्या ठेकेदाराने 'जादा काम' आत्ताच मोजून ठेवलेलं असतं. आगाऊ रक्कम १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यानंतरची बिलं मोजमाप वहीतल्या सह्यांवर, प्रत्येकातून ५ टक्के अनामत कापून. टीडीएस (बिलातूनच कापून भरायचा आयकर) विसरू नका: व्यक्ती ठेकेदार असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. एकच बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज लाखाच्या वर गेली की तो लागू होतो. जादा काम तोंडी सांगायचं नाही, फादरांनीही नाही. सूचना एकाच व्यक्तीकडून, लेखी, दरासह.

अनामत काम संपलं की लगेच सोडू नका. दोन पावसाळ्यांची अट घाला. पहिल्या मोठ्या सरीत तोच गळतीचा नकाशा घेऊन फिरा, पेन्सिलच्या रेघा नव्या ओलीशी ताडून पाहा, आणि जिथे पाणी दिसेल तिथला फोटो तारखेसह ठेकेदाराला त्याच दिवशी पाठवा.