थरथरीने नट-बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून

बोल्टमध्ये पुरेसा ताण नसला की जोडलेले भाग आडवे सरकतात आणि नट आपोआप फिरून सुटतो. म्हणून आधी टॉर्क पान्याने (पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजून आवळणारा पाना) ठरलेला टॉर्क द्या. स्प्रिंग वॉशरवर भिस्त नको. दबून सपाट झाला की तो साधाच वॉशर.

नायलॉक नटातून (आत नायलॉनचं कडं असलेला नट) बोल्टचे एक-दोन आटे बाहेर यायलाच हवेत, नाहीतर नायलॉनची पकड बसत नाही. १२० अंश सेल्सिअसच्या वर तो वापरू नका.

थ्रेडलॉकरसाठी (आटे धरून ठेवणारा द्रव गोंद) आट्यांवरचं तेल पूर्ण पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचे दोन-तीन थेंब टाका, आवळा, २४ तास थांबा. लाल टाळलेलाच बरा, उघडताना तापवावा लागतो.

दोन नट लावायचे तर पातळ खाली, जाड वर. खालचा धरून वरचा आवळा.