डिस्चार्जआधी गोळ्या पलंगावर मांडा
घरी सोडताना सगळ्यांनाच निघायची घाई असते, तरी पाच मिनिटं थांबाच. घरून आणलेल्या जुन्या गोळ्या आणि नव्या गोळ्या शेजारी शेजारी मांडून सिस्टरना विचारा, "यातलं काय बंद, काय चालू?" नावं वेगळी असली तरी औषध एकच असू शकतं, क्रोसिन आणि डोलो ६५०, दोन्हींत पॅरासिटामॉलच. स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं, ते जुळवा. आईची रक्तदाबाची गोळी दोन नावांनी डबल होणार होती, ती अशीच सापडली. मग कोणती गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, हे तुम्हीच त्यांना म्हणून दाखवा. कागदावर 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना.