तीन अक्षरी डोमेन आणि ट्रेडमार्कची नोटीस : या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक फौंड्रीवाले गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. वडिलांच्या नावाच्या तीन आद्याक्षरांचं डॉट कॉम त्यांनी २००६ साली घेतलं होतं, कोटेशनं त्याच ई-मेलवरून जायची. आता परदेशातल्या एका कंपनीच्या वकिलाचा मेल आला होता : ही अक्षरं आमचा ट्रेडमार्क आहे, दहा दिवसांत डोमेन आमच्या नावावर करा.

"साहेब, जातंय काय हो आमचं नाव?"

मी आधी विचारलं, "उत्तर दिलंय का?"

दिलं होतं. रात्री साडेअकराला, रागाच्या भरात, एका ओळीत : पन्नास लाख द्या आन् घेऊन जावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डॉट कॉमचे असे वाद डोमेन नावांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या १९९९ च्या धोरणाने, म्हणजे यूडीआरपीने, चालतात. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : डोमेन आपल्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं व वापरलं. यातली एक जरी ढासळली तरी तक्रार पडते. अक्षरं तीच असल्यावर पहिली गोष्ट बहुतेक वेळा लगेच सिद्ध होते. झगडा पुढच्या दोन्हींवर असतो. ट्रेडमार्कवाल्याला चढ्या भावाने विकण्यासाठीच डोमेन घेणं हे वाईट हेतूचं उदाहरण त्या धोरणातच लिहिलंय. समोरच्याने आधी भाव विचारला असता तर गोष्ट वेगळी. इथे न विचारता आकडा फेकला होता, आणि तोही लेखी. नोटीस आली की त्या रात्री काहीही पाठवू नका.

वास्तविक त्यांची बाजू भक्कम होती. इंग्रजी अक्षरांच्या तीन-तीनच्या जोड्या होतात १७,५७६. एवढ्यात जगभरातली आद्याक्षरं बसवायची, तर एकच जोडी शेकडो लोकांची असणार. ट्रेडमार्कही वर्गवार असतो : पंप आणि मशिनरी वर्ग ७ मध्ये, चपला २५ मध्ये, दागिने १४ मध्ये. एका वर्गातल्या नोंदणीने ती अक्षरं सगळ्या दुनियेत कुणाची होत नाहीत. पण हे सांगायला कागद लागतो. आम्ही कारखान्याच्या माळ्यावर दोन तास जुनी बाडं उपसली. शेवटी एक बिलबुक सापडलं : पत्त्याखाली छापलेलं डोमेन, २००७ ची तारीख आणि कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा. लाखाचा कागद तो.

गप्प बसणं ही दुसरी चूक. तक्रार दाखल होऊन सुरू झाली की उत्तराला २० दिवस मिळतात. उत्तर नाही दिलं तर समोरच्याच्याच कागदांवर निकाल होतो. घाबरून डोमेन मेहुण्याच्या नावावर करणं तर त्याहून वाईट. तेच तुमच्या विरुद्ध वाचलं जातं.

डोमेन नुसतं पडून असेल तर उघडून बघा. अनेकदा रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) तिथे जाहिरातींचं पान लावतो. त्या जाहिराती ट्रेडमार्कवाल्याच्याच धंद्यातल्या निघाल्या, तर "मी लावल्या नाहीत" हे सहसा ऐकून घेत नाहीत. ते पान बंद करून आपलं नाव-पत्ता असलेलं साधं पान टाका.

उलट बाजूची चूकही आपल्याकडे होते. २०२२ ला ट्रेडमार्क घेतला, म्हणून कुणाचं तरी २००३ चं डॉट कॉम आपलं, असं धरून लोक येतात. घेतानाच वाईट हेतू होता हे दाखवावं लागतं. तुमचा ट्रेडमार्क तेव्हा नव्हताच, तर हेतू कुठला? वायपोकडे, म्हणजे अशा तक्रारी चालवणाऱ्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एका पंचाची फी १,५०० डॉलर आहे. ती जातेच, वर निकालात "उलटी बळकावणी", म्हणजे तक्रारीच्या जोरावर दुसऱ्याचं डोमेन लाटायचा प्रयत्न, असा ठपकाही बसू शकतो. त्यापेक्षा मालकाशी सरळ सौदा करा. आणि चपलेसाठी "कोल्हापुरी" हा शब्द एकट्याचा करायचा विचार सोडा. २०१९ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचं.

डॉट इनचं मात्र वेगळं. तिथे आयएनडीआरपी हे डॉट इनचं स्वतःचं धोरण लागू होतं, आणि घेताना किंवा वापरताना, कुठेही वाईट हेतू दिसला तरी पुरतं. जुनी तारीख एकटी वाचवत नाही. शिवाय २००४ च्या सत्यम इन्फोवे खटल्यात सुप्रीम कोर्टाने डोमेन नावालाही पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा, कायदा लागू केलाय, म्हणजे कोर्टाचा रस्ता दोघांनाही खुला आहे.

शेवटी मालकी. वेबसाइट करून देणाऱ्या पोराने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, आणि ते कळतं नोटीस आल्यावर. आजच रजिस्ट्रारच्या खात्यात नाव आणि चालू ई-मेल तपासा. रिन्यूअलची मुदतही चुकवू नका. डॉट कॉम हातून सुटलं की छोटी नावं टिपायला लोक टपलेलेच असतात. पुन्हा मिळालं तरी नोंदणीची तारीख नवी पडते, जुना हक्क सांगता येत नाही.

फौंड्रीवाल्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं, बिलबुकाची प्रत जोडून, आणि ती पन्नास लाखांची ओळ रागात लिहिली होती, डोमेन विकायचं नाही, हेही स्पष्ट लिहून. पुढे मेल आला नाही. बिलबुक आता लोखंडी कपाटात असतं, रिन्यूअलच्या पावतीशेजारी.